दारूची लंका

अक्कलकोट, मैंदर्गी, दुधनी या सीमेलगतच्या पट्ट्यात, जेथे एकाच घरात सासूबाई कानडीत रागावतात आणि सूनबाई मराठीत उत्तर देतात, संक्रांतीचा सण तिळगुळाने संपत नाही. तो संपतो तो किंक्रांतीच्या रात्री, सोलापूरच्या होम मैदानावर, शोभेच्या दारूचे शेवटचे झाड जळून त्याचा बांबूचा सांगाडा उघडा पडला म्हणजे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांच्या नावाने भरणारी ही गड्ड्याची जत्रा. सिद्धरामांशी विवाह करू इच्छिणाऱ्या कुंभारकन्येचे लग्न त्यांच्या योगदंडाशी लागले, अशी कथा आहे. त्या योगदंडाचे प्रतीक असलेले सात नंदीध्वज पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी कमरेच्या पट्ट्यावर तोलून धरतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, होम पेटतो, आणि हा सर्व धार्मिक विधी यथासांग पार पडल्यावर मगच लोकांच्या डोळ्यांसाठी म्हणून दारूकाम होते. अक्कलकोटहून सोलापूर जेमतेम चाळीस किलोमीटर. त्यामुळे त्या रात्री गावोगावची माणसे, लेकुरवाळ्या बायांसह, मिळेल त्या वाहनाने तिकडे लोटतात यात नवल नाही.

या क्रमात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते, आणि प्रस्तुत प्रकरणाचा सारा भर तिच्यावरच आहे. मैदानावर जमलेल्या हजारो माणसांपैकी एकाच्याही हातात फटाका नसतो. दारू उडवणारे दहा-वीस, पाहणारा सारा समुदाय. खर्च देवस्थानाचा किंवा दात्याचा, आणि आनंद सर्वांचा. आतषबाजीच्या हिंदुस्थानातील पाचशे-सहाशे वर्षांच्या इतिहासात बहुतेक काळ तिचे स्वरूप हेच होते. ती कसबी लोकांनी करावयाची आणि इतरांनी दुरून पाहावयाची गोष्ट होती, आणि तिच्यात पाहण्याचा भाग मोठा, ऐकण्याचा लहान होता. दिवाळीच्या पहाटे घरटी एक माळ लावून कान किटवण्याचा प्रघात त्या मानाने अगदी अलीकडचा आहे.

दारू ही मूळची सैन्याची. अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रागार ज्याने पाहिले असेल त्याला हे निराळे सांगावे लागणार नाही. शाहू महाराजांनी पुत्रवत वाढवलेल्या फत्तेसिंह भोसल्यांच्या वंशाकडे चालत आलेले हे संस्थान १९४८ साली विलीन झाले, पण तलवारी, भाले, कट्यारी आणि बंदुका यांचा तेथील संग्रह आजही पाहणाऱ्याला थक्क करतो. मात्र या सर्व हत्यारांमध्ये ज्या एका पदार्थावाचून बंदुकीची नळी निव्वळ लोखंडी पोकळी ठरली असती, तो पदार्थ तेथे दिसत नाही, कारण तो जळून गेलेला असतो. हा सगळा मुलूखच त्या पदार्थाचा अंकित होता. जवळ नळदुर्ग, पलीकडे परंडा, खाली विजापूर. अहमदनगरास १५४९ साली ओतलेली मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ परंड्याच्या किल्ल्यावरून १६३२ साली विजापूरला नेली गेली ती याच बाजूच्या वाटांनी. ज्या कारागिरांच्या हाताला सोरा, गंधक आणि कोळसा यांचे प्रमाण ठाऊक होते ते युद्धाच्या हंगामात तोफखान्यासाठी दारू कुटीत, आणि लग्नसराईत तीच दारू थोडी मंद करून नळ्यांत भरीत.

राज्यकर्त्यांनाही हा माल किती लहरी आहे याची पुरती जाणीव होती. सभासदाने शिवाजी महाराजांच्या राज्यातील अठरा कारखान्यांची जी यादी दिली आहे तीत तोफखान्याहून वेगळा असा दारूखाना स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. आणि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, गडाच्या बंदोबस्ताचे विवेचन करताना, दारूखाना घराजवळ असू नये, सदरेपासून अंतरावर जागा बांधून भोवती निर्गुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण करावे, आत तळघर करून गच्चावर माच घालून दारूची मडकी ठेवावी, सर्दी लागू देऊ नये, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढून, उन्हे देऊन, पुन्हा मुद्रा करून ठेवावा, असे बारकाईने बजावले आहे. अडीचशे-तीनशे वर्षांनंतर सरकारी स्फोटक नियमांत अंतर, ओलावा, कुलूप आणि तपासणी यांविषयी जी कलमे आली त्यांत या सूचनांपेक्षा तत्त्वतः फारसे काही नवे नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. अमात्यांच्या काळी हवालदाराला चुकवून चालत नसे, एवढाच काय तो फरक.

दारूचा शोध चीनमधला, हे आता निर्विवाद आहे. १०४४ साली तेथे सिद्ध झालेल्या ‘वूचिंग त्सुंगयाव’ या युद्धविषयक ग्रंथात तिच्या कृती लिखित स्वरूपात सापडतात. त्याही आधी शेकोटीत टाकलेली हिरवी बांबूची कांडी फुटून होणाऱ्या आवाजाने भुतेखेते पळतात अशी तेथील समजूत होती. आपल्याकडे दारू नेमकी कोणत्या वाटेने आली याचा काथ्याकूट करण्यापेक्षा ती उत्सवात केव्हा दिसू लागली हे पाहणे अधिक फलदायी, आणि या बाबतीत मराठी वाचकाने कृतज्ञतेने आठवावे असे नाव परशुराम कृष्ण गोडे यांचे होय. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक असलेल्या या अबोल विद्वानाने अत्तरांपासून अंजनापर्यंत असंख्य क्षुल्लक मानल्या गेलेल्या वस्तूंचे इतिहास लिहिले. १९५३ साली त्यांनी १४०० ते १९०० या पाच शतकांतील भारतीय आतषबाजीचा इतिहास प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण, कबूल करो वा न करो, त्यांच्याच पुंजीवर जगत आला आहे. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नाही.

गोड्यांनी पुढे मांडलेल्या पुराव्यांत विजयनगरचा पुरावा अग्रभागी आहे. १४४३ साली तेथे आलेला तैमूरी दरबाराचा वकील अब्दुर रझाक याने महानवमीच्या उत्सवात दारूकामाचे खेळ पाहिल्याचे नमूद केले आहे. त्यानंतरचा पुरावा ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या नावावर असलेल्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथातला. त्यात कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंद्रज्योति, चंपाबाण, पुष्पवर्ति अशी मोहक नावे आणि त्यांच्या कृती आहेत. साहित्यात सोरा, गंधक, कोळसा यांखेरीज पोलादाचे चूर्ण, तांब्याचा जंगाल, हरताळ, हिंगूळ, बांबूची नळी आणि चिकटवण्यासाठी भाताची खळ येते. म्हणजे सोळाव्या शतकाच्या आरंभी आपला कारागीर केवळ धूर आणि ज्वाळा यांवर संतुष्ट नव्हता. लोखंडाच्या चुऱ्याने ठिणगी सोनेरी होते आणि तांब्याने ज्वाळेला निळसर-हिरवी झाक येते हे त्याला अनुभवाने कळले होते. पुढे १५७१ साली काशीत पूर्ण झालेल्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त एकनाथ महाराजांनी श्रीकृष्णाच्या वरातीत दारूकामाचे वर्णन घातले. द्वापारयुगातल्या लग्नात शोभेची दारू कोठून आली असा प्रश्न नाथांना पडला नाही, आणि त्यांच्या श्रोत्यांनाही पडला नसावा. याचाच अर्थ असा की त्या काळच्या थोरामोठ्यांच्या लग्नात ती इतकी रूढ झाली होती की तिच्यावाचून देवाचे लग्नही अपुरे वाटावे. इतिहासाच्या अभ्यासकाला कालविपर्यासाचा असा उपयोग क्वचितच होतो.

कोळशाविषयी येथेच दोन शब्द. ‘शुक्रनीती’त बंदुकीच्या दारूसाठी रुई आणि निवडुंग यांच्या कोळशाची शिफारस आहे. त्या ग्रंथाच्या प्राचीनतेविषयी विद्वानांत वाद आहे आणि ही कृती खूप उशिराची आहे असे मानणाऱ्यांचा पक्ष आम्हांस बळकट वाटतो. पण कृती ज्याने कोणी लिहिली त्याने हात काळे करूनच लिहिली असली पाहिजे, कारण हलक्या, सच्छिद्र लाकडाचा कोळसा चटकन पेटतो आणि जड लाकडाचा मंद जळतो, हे कुटणाऱ्यालाच कळते. अक्कलकोटच्या माळावर रुईला तोटा नाही.

दक्षिणेतील सुलतानशाह्यांना या खेळाचा नाद मोठा होता. १६०९ साली विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाने आपल्या एका दरबाऱ्याच्या कन्येचे लग्न मलिक अंबरच्या पुत्राशी लावले तेव्हा केवळ आतषबाजीवर ऐंशी हजार रुपये उधळले गेले असे इतिहासकार सांगतात. उत्तरेत १६३३ साली दारा शुकोहच्या विवाहातील आतषबाजी चित्रकारांनी रंगवून ठेवली. पुढे औरंगजेबाने १६६७ साली शोभेच्या दारूला मनाई केली. मनाईचा हुकूम निघाला याचा अर्थ उधळपट्टी बरीच माजली होती असा घ्यावा. ती थांबली असा घेण्याचे कारण नाही.

मराठी माणसाला या इतिहासात सर्वांत जवळचा वाटेल असा प्रसंग मात्र पेशवाईच्या उत्तरार्धातला आहे. उत्तरेतील दीर्घ मोहिमांनंतर १७९२ साली महादजी शिंदे पुण्यास आले आणि १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडीस वारले. या दीड-पावणेदोन वर्षांत तरुण सवाई माधवरावांचे मन रिझवण्याचे अनेक उद्योग त्यांनी केले. पेशव्यांच्या बखरीत आलेली हकीकत अशी की, दिवाळी कोठे कशी होते असा विषय निघाला असता महादजींनी कोट्याच्या दिवाळीचे वर्णन केले. तेथे चार दिवस लक्षावधी दिवे लागतात आणि शहराबाहेर राजा दारूची लंका करवतो. मध्यभागी रावण, भोवती राक्षस, वानर आणि घरे, सारी दारूने भरलेली. मग एका मोठ्या हनुमंताच्या शेपटास बत्ती देतात, तो आकाशमार्गाने उडत जाऊन या घरावरून त्या घरावर आग लावीत सुटतो, आणि पाहता पाहता सगळी लंका पेटते. श्रीमंतांनी ही लंका आपणांसही पाहावयाची आहे असे फर्मावले. महादजींनी कारागीर लावले. पर्वतीच्या पायथ्याशी काळोखी रात्र साधून लंका उभी केली. श्रीमंत आणि सरदार पर्वतीवर देवळाशी बसले, आणि खाली पुण्याची रयत लोटली.

बखर म्हणजे दफ्तर नव्हे, हे ध्यानात ठेवूनही या हकीकतीतील तपशील विश्वसनीय वाटतात, कारण ते यंत्ररचनेच्या दृष्टीने शक्य आहेत. हनुमंत उडाला तो लंकेवरून ताणलेल्या दोरीवरून, त्याच्या पोटाशी बांधलेल्या बाणाच्या जोराने, असा आमचा तर्क आहे. आणि त्याच्या शेपटाने घरे पेटली असे लोकांस दिसले तरी प्रत्यक्षात कागदी नळ्यांतून फिरवलेल्या सुती वातीने विस्तव घरोघर पोचवला असला पाहिजे. उघडी वात सावकाश जळते, पण तीच कागदाच्या अरुंद नळीत कोंडली की आतल्या तप्त वायूच्या रेट्याने ज्वाळा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दुसऱ्या टोकाला जाते. आजही झाडाच्या साऱ्या फांद्या एकाच क्षणी पेटतात त्या या युक्तीने. प्रसंगाची निवडही किती चतुर! जाळण्यासाठीच उभारायची वस्तू म्हणून लंकेइतकी योग्य नगरी दुसरी कोणती सापडणार? ज्या सरदाराने आयुष्याची चाळीस वर्षे खऱ्या दारूच्या धुरात काढली, पानिपतावरच्या जखमेने पायाने कायमचा अधू झाला, त्यानेच अठरा-एकोणीस वर्षांच्या धन्याला युद्धाचे हे निरुपद्रवी नाटक दाखवावे, यात एक करुण छटा आहे. ती बखरकाराला जाणवलेली दिसत नाही.

युरोपातील राजेही याच वाटेने जात होते. लंडनच्या ग्रीन पार्कात २७ एप्रिल १७४९ रोजी तहाच्या आनंदाप्रीत्यर्थ झालेल्या दारूकामासाठी हँडेलने संगीत रचले. संगीत टिकले, पण मुख्य मंडपाची एक बाजू पेटली. पॅरिसला ३० मे १७७० रोजी युवराजाच्या विवाहाची आतषबाजी पाहून परतणाऱ्या गर्दीत चेंगरून १३२ माणसे मेली. दारूपेक्षा गर्दी अधिक घातक, हा पॅरिसचा अनुभव. त्याची नोंद आपल्याकडील जत्रा कमिट्यांनी अवश्य ठेवावी.

आता नळा, म्हणजे ठिणग्यांचा कारंजा उडवणारी नळी, प्रत्यक्ष कसा भरतात ते पाहू, म्हणजे या कलेतील कसब कोठे आहे ते कळेल. जाड कागद खळीने गुंडाळून केलेली नळी घेतात. एका टोकाला चिकणमाती ठोकून तिचा गळा करतात आणि त्याला बेताचे भोक ठेवतात. मग मसाला, म्हणजे सोरा, गंधक, कोळसा आणि लोखंडाचा कीस यांचे मिश्रण, चिमूट-चिमूट घालून लाकडी ठोकणीने प्रत्येक थर सारख्या दाबाने बसवतात. ठोकणी लाकडाची किंवा पितळेची, कारण लोखंडावर लोखंड घासून ठिणगी पडेल. मोकळ्या दारूच्या कणांतून ज्वाळा मोकाट धावते आणि सगळी दारू एकदम जळते. घट्ट ठोकलेल्या दारूत तिला आत शिरायला फट नसते, म्हणून ती पृष्ठभागावरून थराथराने, उदबत्तीप्रमाणे, खाली उतरते. एकाच मसाल्याचा एकदा बार होतो आणि एकदा मिनिटभर नाचणारा कारंजा होतो, तो केवळ या ठोकणीच्या हिशेबाने. थर मध्येच सैल राहिला तर ज्वाळा फटीत शिरते आणि नळा फुटतो. तो फुटला की भरणाऱ्याची आठवण सगळ्या मैदानाला होते. लोखंडाचा कीस सोऱ्याच्या ओलीने गंजतो, म्हणून त्याला आधी तेलाचा हात लावतात. कोळसा फार बारीक केला तर ठिणगी नळ्याच्या तोंडाशीच विझते. जरा जाडसर ठेवला तर ती हवेत जळत राहून लांब सोनेरी झुबका पडतो.

या जुन्या आतषबाजीत रंग थोडे होते, सोनेरी, तांबूस, पांढुरका आणि फार तर निळसर-हिरवी झाक. आज आपण पाहतो तो तांबडा, हिरवा, जांभळा थाट एकोणिसाव्या शतकातला, पोटॅशियम क्लोरेटच्या शोधानंतरचा. स्ट्रॉन्शियमने तांबडा, बेरियमने हिरवा, सोडियमने पिवळा आणि तांब्याने निळा रंग येतो. पैकी निळा सर्वांत हट्टी, कारण तो देणारे संयुग आच थोडी चढली की मोडते, आणि आच कमी ठेवावी तर उजेड पडत नाही. अस्सल निळा काढणाऱ्या कारागिराला जाणकार अजूनही मान देतात. मॅग्नेशियम आणि पुढे ॲल्युमिनियम यांची भुकटी आल्यावर लखलखीत पांढरा उजेड स्वस्त झाला. पण क्लोरेट आणि गंधक यांची जोडी इतकी चिडखोर की घासण्यानेही पेटावी. इंग्लंडने ती १८९४ साली आणि आपण १९९२ साली बंद केली. मधल्या अठ्ठ्याण्णव वर्षांत किती हात गेले असतील याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात नाही.

आवाजाचा जमाना आला तो शिवकाशीबरोबर. अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे भाऊबंद १९२२-२३ च्या सुमारास कलकत्त्याला जाऊन काडेपेट्यांचा धंदा शिकून आले. तमिळनाडूच्या त्या कोरड्या, पावसाने वाळीत टाकलेल्या भागात काडेपेटीपाठोपाठ फटाका आला, आणि काही दशकांतच देशाच्या कानाकोपऱ्यात कागदी वेष्टनातली लाल माळ पोचली. जी दारू पाहण्यासाठी माणसे मैदानावर जमत ती आता प्रत्येकाच्या दारात फुटू लागली. स्वस्ताईचा हा लाभ नाकारण्याचे कारण नाही, गरिबाच्या पोरालाही फुलबाजी मिळाली. परंतु नळे, झाडे, चक्रे करणाऱ्या गावोगावच्या कारागिराचे गिऱ्हाईक गेले, आणि ज्या कामात डोळ्याला न्याय होता त्याची जागा कानावरच्या दांडगाईने घेतली, ही गोष्ट आम्हांस मनापासून खटकते. पुढे न्यायालयांनी आवाजाला मर्यादा घातली, रात्री दहानंतर बंदी आली, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने बेरियमच्या क्षारांना मनाई करून कमी धुराच्या ‘हरित’ फटाक्यांनाच परवानगी दिली. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने त्यांच्या कृती बसवल्या. बेरियम गेल्यामुळे हरित फटाक्यातून नेमका हिरवा रंग निसटला, हा दैवाचा विनोद.

दुर्घटनांनी मात्र कोणालाच सोडलेले नाही. केरळात पुट्टिंगल देवळापाशी १० एप्रिल २०१६ रोजी, जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली असताना झालेल्या चढाओढीच्या दारूकामात शंभराहून अधिक माणसे गेली. आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, बार्शी तालुक्यात, १ जानेवारी २०२३ रोजी फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. अमात्यांनी निर्गुडीचे कुंपण का घालायला सांगितले ते अशा वेळी कळते.

जुन्या धर्तीचे गावठी दारूकाम अद्याप जिवंतपणे पाहायचे असेल तर सोलापूरखेरीज आणखी एका गावी जावे. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात कवठेएकंद येथे सिद्धराज या ग्रामदैवताची पालखी विजयादशमीच्या रात्री निघते, आणि ती गावभर फिरून देवळात परतेपर्यंत रात्रभर गाव जळत असल्यासारखे दिसते. तेथील विशेष असा की दारू बाहेरून आणलेली नसते. गावातलीच मंडळे ती स्वतः तयार करतात, आणि लाकडी व कागदी शिंगटे, औट, झाडे, धबधबा या शब्दांचा अर्थ तेथे शाळकरी पोराला विचारला तरी तो हाताने मापे दाखवून सांगतो. अपघात तेथेही झालेले आहेत. पोलीस, महसूल खाते आणि अग्निशमन दल यांच्या बैठका दरवर्षी होतात, परवान्यांवरून ओढाताण होते, मालाचे प्रमाण कमी करण्याच्या सूचना निघतात. तरीही भाद्रपद सरत आला, पावसाने उघडीप दिली आणि उन्हाला थोडा कोरडेपणा आला की गावात वर्गणीची वही फिरू लागते, कोळशासाठी लाकूड कोणते घ्यायचे यावर जुनी माणसे आणि पोरे यांचा वाद सुरू होतो, आणि मुंबई-पुण्यास नोकरीला असलेल्यांचे रजेचे अर्ज साहेबांच्या टेबलावर जाऊन पडतात.